चुऱ्यात एक साबूत

पोतं उसवलं की आधी वास येतो,
खारा, शिळा, सुकटीच्या टोपलीचा,
मग पांढरी धूळ थेट नाकात.
जानोरीचं शेड. नऊ हजार कोंबड्या,
आठवड्याला सात पोती शिंपल्याचा चुरा.
मी घमेल्याने मापते, भरड्यात कालवते,
पन्हाळीतून ओतत जाते.
मालक म्हणतो, चुना पोटात गेला नाही
तर अंडं कातडीचं निघतं, बोटाला दबणारं.

मंगळवारी घमेल्यात ती दिसली.
ज्वारीच्या दाण्याएवढी. तेवढीही नाही.
गिरणीच्या दातांतून निसटलेली,
पोत्यावर पोतं पडून, सापुताऱ्याचा घाट चढून
साबूत.
पाच वेढे. पाचवा मला दिसत नाही, कुंदाला दिसतो.
वेढ्यांवर विटकरी ठिपके,
माझ्या मनगटावर आहेत तसेच, फक्त
इतक्या बारीक सुईने गोंदणारी कोण असेल?
आणि पोटाशी एक भोक.
गोल. नेमकं.

पदराच्या गाठीत हरवली असती,
म्हणून धुऊन गालात ठेवली.
सुट्टी होईपर्यंत जिभेला खारट लागत राहिली.

भोये सरांनी भिंगाखाली धरली.
समुद्रातली गोगलगाय, म्हणाले.
पुस्तकात चित्र होतं, चित्राखाली लांबलचक नाव,
वाचताना सरच दोनदा अडखळले.
मराठीत काय म्हणतात?
मराठीत नाव नाही हिला.
बरोबर. नाव कुणी ठेवलं नाही,
नावं तेवढी ठेवून झाली आहेत:
गोगलगाय अन् पोटात पाय.

आणि भोक?
ते दुसऱ्या गोगलगाईने पाडलं, सर म्हणाले.
तिच्या जिभेला कानस असते.
कवेत घेऊन बसते, तासन्तास घासते,
भोक पडलं की आतलं सगळं खाऊन टाकते.
कुंदाने तोंड वाकडं केलं.
मी गप्प राहिले.
जिभेची कानस माझ्या ओळखीची आहे.
सहा वर्षं नांदले आहे मी.

वाटेत एक हिशोब काही केल्या लागेना.
आम्हाला कोकणा म्हणतात,
कोकण मी पाहिलेलं नाही.
पेठेच्या पुढे माझं माहेर, तिथलं पाणी
दमणगंगेला लागून मावळतीला जातं, समुद्राला.
इथलं, जानोरीचं, गंगेला मिळतं आणि उगवतीकडे.
मधे एक सावळघाट, बस.
गंगा त्र्यंबकला उगवते, समुद्र तसा जवळच,
तरी पाठ फिरवून लांबची वाट धरते.
तिला कुणी विचारलं नाही, का.
मलाही नाही विचारलं,
मी पण पाठच फिरवली होती.
आणि ही, मेलेली, रिकामी,
पाण्याच्या उलट चढून
माझ्या घमेल्यात.

कुंदा म्हणाली, भोक आहेच तर दोरा घालू.
थुंकी लावून टोक केलं,
तीनदा चुकला, चौथ्यांदा गेला.
त्याच भोकातून. दुसरं नव्हतं.

शनिवारी तडकलेली अंडी आम्हा बायांना वाटतात.
चार आली. उकडली. सोलली.
टरफल तळहातावर घेऊन जरा बसले:
ह्यात कोण कोण असेल,
कुणाचा तिसरा वेढा, कुणाची नुसती कड,
कोंबडीच्या अंगातून जाऊन
पुन्हा घरच झालेलं,
पुन्हा कुणी फोडलेलं.
मग मिरचीच्या बुडाशी चुरडून टाकलं.
मिरचीला चांगलं असतं.

कुंदा आधी पांढरं खाते, पिवळं शेवटाला ठेवते.
घास गिळताना तिच्या गळ्यातली
इवलीशी वर जाते, खाली येते.

सोमवारी पोती येतील.
चाळत बसायला मालक वेळ देणार नाही.
चाळण मी घरून नेणार आहे.